चुलीच्या आधी

घाटाखाली घरं पाडतात ती उन्हाळ्यात. घरकुलाचा हप्ता पडलेला असतो, मृगाच्या आत डोक्यावर छप्पर हवं असतं, आणि जुनं धाबं उतरवायला चार गडी पुरतात. पांढरी माती एकीकडे, किलचण दुसरीकडे, मग कड्या, मग सर, शेवटी खांब. कशाचं काय होणार हे संध्याकाळपर्यंत ठरून गेलेलं असतं. सरळसोट सागवानी सरांसाठी व्यापारी आधीच येऊन बोलून गेलेला असतो. लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर जातं. उरलेलं सगळं चुलीला. माझा धंदा त्या उरलेल्यावर चालतो, म्हणून माझी शर्यत दुसऱ्या कुठल्या कारागिराशी नाही, चुलीशी आहे.

मी खामगावात लाकडाचं काम करतो. पोळ्याचे बैल, पाट, स्टूल, दिव्याचे खांब, पोरांच्या गाड्या. नवीन लाकूड जवळजवळ घेतच नाही. घाटाखाली, म्हणजे जळगाव जामोद, संग्रामपूर, नांदुरा या बाजूला, धाब्याची घरं अजून बरीच उभी आहेत. घाटावरून, चिखली-मेहकरकडून, मोडक्या बैलबंड्या येतात. गॅस घरोघरी पोचला तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, त्यामुळे लाकडाची किंमत सांगताना घरातली बाई कधी गडबडत नाही. "नेऊन काय कराल भाऊ याचं? माह्या महिनाभराच्या भाकरी होतात यावर," असं एका आजीनं सुनावलं, आणि तिचा हिशेब बरोबर होता. तेव्हापासून पैशाऐवजी मी वजनाला वजन देतो. एक मोडका खांब घ्यायचा आणि तेवढंच बाभळीचं वाळलेलं जळतन अंगणात टाकायचं. असा सौदा लवकर होतो आणि मागून कोणी नाराज राहत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते बंडीच्या चाकानं. रबरी टायरच्या बंड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले, आणि लाकडी चाकं गोठ्यामागे टेकून राहिली. बाहेरच्या लोखंडी धावेची किंमत भंगारात येते, म्हणून चाक मरतं ते धावेपायी. धाव बसवायची रीत अशी, की ती मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आरात लाल होईस्तोवर तापवायची, फुगली की सांडशीनं उचलून चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, घेराचे लाकडी पुठ्ठे एकमेकांत दाबले जातात, आरे मधल्या तुंब्यात रुततात. सगळं चाक त्या आवळण्यावर उभं असतं; सरस लावलेला नसतो. म्हणूनच चाक उलगडायचं असेल तर करवत लाकडाला लावायची नाही. धाव एका जागी कापली की पुरे. भंगारवाला ती गॅसकटरनं कापतो आणि खालचा पुठ्ठा जाळून टाकतो. मी त्याच्याकडून हातानं कापायची परवानगी मागून घेतो. वेळ लागतो, तो चहा पीत बसतो. धाव तुटली की सांधे सैल होतात आणि मोगरीच्या चार ठोक्यांत पुठ्ठे सुटे होतात. एका पुठ्ठ्यात दोन आरे, असं ते गणित.

पुठ्ठ्याचा बाक फेकायच्या लायकीचा नसतो. नवीन फळीतून बैल कापला तर पाठीपासून वशिंडापर्यंतची रेघ करवतीनं काढावी लागते. पुठ्ठ्यात ती रेघ चाकाच्या सुतारानं आधीच काढून ठेवलेली असते. मी तिला पाठ मानतो आणि बाकीचा बैल तिच्या खाली शोधतो. त्यामुळे माझे बैल थोडे एकसारखे, मान खाली घालून ओढ घेत असलेले दिसतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्यासाठी ताठ मानेचे, रंगवलेले नंदी हवे असतात. तिकडच्या गिऱ्हाइकांना मी सरळ दुसऱ्याचा पत्ता देतो.

लाकडात खिळा राहिला की रंध्याचं पातं गेलंच. म्हणून प्रत्येक तुकड्यावरून आधी जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवतो. बाभळीच्या तुकड्यात खिळा शोधायला चुंबकही लागत नाही. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, तिच्या सालीवर कातडी कमावतात ते त्यामुळेच. लोखंड आणि ओल मिळाली की हे टॅनिन काळंनिळं होतं. जुन्या काळची शाई याच मेळातून व्हायची. खिळ्याभोवती बोटभर काळं वर्तुळ दिसतं आणि ते दोऱ्यांच्या दिशेनं लांब पसरलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, घासून काढा. निघत नाही, आणि निघालं असतं तरी मी काढलं नसतं. दोनदा बैलाच्या कपाळावर ते वर्तुळ बरोब्बर येऊन बसलं आणि लोकांना वाटलं मी जाळून काढलं आहे.

तुंब्याचं मात्र नाव काढू नका. वर्षानुवर्षांचं वंगण आत मुरलेलं असतं. सरस धरत नाही, पॉलिश बसत नाही. रॉकेल लावून, भुसा चोळून, उन्हात ठेवून पाहिलं. महिन्यानं पुन्हा वर येतं. आता तुंब्याला लाकडी खुंट्यांनीच जोडतो आणि तेलकट आहे ते तेलकट राहू देतो.

जुन्या वस्तूचं मागचं आयुष्य विचारूनच तिला पुढचं द्यावं लागतं. तिफणीचं चाडं घ्या. हातात धरलं की कोणालाही वाटतं, काय सुरेख वाटी आहे, दाणे-फुटाणे ठेवायला. पण सोयाबीनच्या बियाण्याला थायरमसारखी औषधं चोळून पेरतात, आणि ते बी याच चाड्यातून ओंजळीनं सोडलं जातं. त्या लाकडात काय मुरलंय हे पाहून कळत नाही. माझ्याकडचं चाडं दिव्यासाठी, पेनं ठेवायला, फार तर भिंतीवर. खायला नाही. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचंही तेच. आमची जलंब-खामगाव लाईन १८७० सालची, कापसासाठीच टाकलेली, त्यामुळे इथल्या माणसाला स्लीपर दिसला की घरी न्यावासा वाटतो. पण तो बहुधा क्रिओसोटमध्ये भिजवलेला असतो. बाहेर कुंपणाला ठीक, घरात पलंगाला नको. रुंद सुंदर फळी पाहून हात शिवशिवतात, हे मला मान्य आहे.

आणि एक पथ्य. चालणारी वस्तू मोडायची नाही. तिफणीचा एकच दाता गेला असेल तर मी दाता बसवून देतो, मजुरी घेतो, परत येतो. हल्ली हॉटेलवाले ढाबा सजवायला अख्ख्या बंड्या मागतात, शेतकऱ्याला चांगला भाव देतात, आणि दोन पावसाळ्यांत ती बंडी रस्त्याकडेला कुजते. त्यापेक्षा चूल परवडली.

खामगावला रजतनगरी म्हणतात. चांदीच्या गावात राहिल्यावर केराकडे बघायची नजर आपोआप येते. सराफ्यात झाडलेली माती कोणी फेकत नाही. झारेकरी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनारांच्या दुकानांपुढची आणि नालीतली माती धुऊन तिच्यातून सोन्या-चांदीचे कण काढत आली. पाण्यात घमेलं गोल फिरवून हलकी माती काठावरून सोडायची, जड ते तळाला ठेवायचं. यात कला कुठे आहे, असं विचारणाऱ्यानं एकदा ते घमेलं हातात धरून बघावं. केरातूनच कला उभी करणारे चंडीगडचे नेक चंद रोड इन्स्पेक्टर होते. नवं शहर उभारताना जी गावं पाडली, त्यांचा राडारोडा त्यांनी चोरून जंगलात नेला आणि फुटक्या बांगड्या, कपबश्या, संडासाच्या फरशा यांचं अख्खं राज्य उभं केलं. ते १९७६ मध्ये लोकांना खुलं झालं. त्यांचं कौतुक जगभर झालं. झारेकऱ्यांचं तेवढं कधी झालं नाही.

शाळांमधून मला बोलावतात. विषय ठरलेला, टाकाऊपासून टिकाऊ. मी जातो, आणि टेबलावर काय असतं? स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या, कोरा चमकी कागद, ग्लू गनच्या कांड्या. आईनं रात्री जागून केलेलं घर. गुरुवार-शुक्रवारी प्रदर्शन, सोमवारी कचरापेटी. याउलट अरविंद गुप्तांनी १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार जोडायला सुरुवात केली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं पोरांसाठी खेळणी केली. त्या नळीचा तुकडा पंक्चरवाल्याकडे मिळतो. मी पोरांना त्याच्याकडेच पाठवतो. तिथे हात काळे होतात म्हणून एका शाळेनं मला पुन्हा बोलावलं नाही.

लाकूड संपत चाललंय, हे मला दिसतं. पुढच्या पंचवीस वर्षांत घाटाखाली पाडायला धाब्याचं घर उरणार नाही, आणि आता गोठ्यामागे पडून असतात त्या ठिबकच्या काळ्या नळ्या. भंगारवाला त्या किलोवर नेतो, ते चांगलंच आहे. पण नाल्यात अडकलेल्या त्यालाही नको असतात. सध्या मी त्या उभ्या चिरून पट्टी काढतो आणि बाज विणतो. पट्टी सुतळीपेक्षा टिकते, पावसात सडत नाही, ताण मात्र आठवड्यानं पुन्हा द्यावा लागतो. सावलीत पोरं तिच्यावर उड्या मारतात. म्हातारे बसत नाहीत. उन्हाळ्यात पाठ भाजते म्हणतात, आणि खरंच भाजते. पुढच्या बाजेला मधे एक घर सोडून अंबाडीची सुतळी घालून बघणार आहे.