मुलींचा संघ होतोय का?

माझी उंची पाच फूट तीन इंच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण 'मी कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे' म्हटलं की समोरचा आधी पायापासून डोक्यापर्यंत बघतो आणि मग 'हो? पण...' म्हणून थांबतो. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, म्हणजे दहा फूट. माझ्या बोटांपासून ती इतकी लांब होती की पाच फूट तीन काय आणि पाच फूट सहा काय! मी गार्ड होते. गार्डचं काम बॉल सांभाळायचा, पुढे न्यायचा, जिच्याकडे द्यायचा तिच्याकडे द्यायचा. उंची लागते ती सेंटरला. आमच्याकडे सेंटरही पाच फूट सातच होती म्हणा.

२००३ ते २००७ ही चार वर्षं इंजिनिअरिंग आणि बास्केटबॉल. कॉलेज पिंपरी-चिंचवडकडचं एक, घर सोमाटण्यात. सोमाटणे म्हटलं की आता लोकांना टोलनाका आठवतो नाहीतर शिरगावच्या प्रतिशिर्डीला जायचा फाटा. पण आमच्या घरामागे भातखाचरं होती आणि जुलै महिन्यात घरातला प्रत्येक जण गुडघाभर चिखलात असायचा. मीसुद्धा. आणि इथे एक गंमत सांगते. पहिल्या वर्षी सरांनी सगळ्या मुलींना डिफेन्सचा स्टान्स घ्यायला लावला. गुडघे वाकवून, पाठ सरळ, बूड खाली, आणि तसंच आडवं सरकायचं. पाच मिनिटांत निम्म्या मुली उभ्या राहिल्या. मी आपली सरकतेय. सरांनी विचारलं, "आधी कुठे खेळलीस?" म्हटलं, "कुठे नाही सर, भातलावणी केलीय." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझं नाव यादीत होतं.

आता मैदानाचं. आमचं कोर्ट सिमेंटचं, उघडं. आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा यायच्या ऐन पावसाळ्यात नि त्याच्या शेपटाला. मावळच्या कडेचा पाऊस! सरावाआधीची वीस मिनिटं कोर्ट कोरडं करण्यात जायची. खराट्याने पाणी ढकलायचं, मग गोणपाट टाकून त्यावर उभं राहून पाय घासत चालायचं. मुलांचा सराव चार ते साडेपाच, आमचा साडेपाचनंतर. म्हणजे मुलं खेळायला यायची तेव्हा कोर्ट आम्ही पुसलेलं असायचं, आणि आम्ही उतरायचो तेव्हा पुन्हा भुरभुर सुरू. याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मुलांचे पंधरा जण असतात, तुम्ही किती?"

हा 'तुम्ही किती' चार वर्षं पाठीमागे लागला होता. दर वर्षी जूनअखेरीला जिमखान्याच्या खिडकीतून तोच प्रश्न यायचा. "काय, मुलींचा संघ होतोय का यंदा?" जणू काही पाऊस पडतोय का यंदा.

एक तांत्रिक भानगड सांगते, नॉन-बास्केटबॉल मंडळींनी सहन करावी. आम्ही सुरुवात केली ती सात नंबरच्या बॉलने, म्हणजे पुरुषांच्या. घेर साधारण ७५ ते ७८ सेंटीमीटर आणि वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने बायकांसाठी सहा नंबरचा बॉल आणला. घेर दोन-तीन सेंटीमीटरने कमी, वजन ५१० ते ५६७ ग्रॅम. आमच्या कॉलेजात तो यायला आणखी वर्ष गेलं, आणि आला तोही एकच. पण पहिल्यांदा हातात घेतला तेव्हाचं अजून आठवतंय. बॉल हातात मावला! एका हाताने पास गेला, तोही जिथे पाहिजे तिथे. तोवर मला वाटायचं माझी मनगटंच कच्ची. असो. तो एक बॉल आम्ही जिमखान्यात ठेवायचो नाही, आळीपाळीने घरी न्यायचो. लोकलमध्ये मांडीवर बॉल घेऊन बसलं की शेजारच्या काकू हमखास विचारायच्या, "हॉलीबॉल का गं?"

संघातल्या मुलींची नावं देत नाही, सगळ्यांचे संसार-नोकऱ्या चालू आहेत. नंबरच सांगते. तेव्हा नियमाने जर्सीचे नंबर चार ते पंधराच असायचे, कारण पंच बोटांनी एक-दोन-तीन दाखवतात ते फ्री थ्रो नाहीतर पॉइंट, त्यात घोळ नको म्हणून. (हा नियम पुढे गेला.) मी सात नंबर. कॅप्टन चार नंबर, पुण्यातल्या पेठेतली, लहानपणापासून क्लबात खेळलेली. आमच्यात खरी खेळाडू ती एकच. बाकी कुणी हँडबॉलमधून, कुणी लांब उडीतून उचलून आणलेल्या.

कोर्टाबाहेरचा खेळ जास्त अवघड होता, हे कुठल्याही मुलीला सांगायला नको. चड्डीवर, म्हणजे शॉर्ट्सवर खेळायचं, पण गावातून ती घालून चालायचं नाही. म्हणून वर ट्रॅकपँट, त्यावर कधी कधी पंजाबी कुर्ता. भर उन्हाळ्यात तीन थर! पाळी आली म्हणून मॅच पुढे जात नसते, आणि पंच पुरुष, सर पुरुष, टेबलवरचे पुरुष. आमच्यात एक खूण होती. कॅप्टनला उजव्या हाताने कान पकडून दाखवला की ती टाइम-आऊट मागायची, मग सगळ्या गोल करून मधलीला आडोसा द्यायच्या. सरांना बहुतेक कळायचं. ते त्या वेळी पाटीवर काहीतरी आकृती काढत बसायचे.

आणि परतीचा प्रवास. सात वाजता सराव संपला की निगडीहून सहा आसनीत कोंबून घ्यायचं. सहा आसनी हे फक्त नाव, बसायचे दहा-बारा. देहूरोड, शेलारवाडी, मग घोरावडेश्वराचा डोंगर अंधारात उभा, आणि मग फाटा. लोकल धरली तर बेगडेवाडीला उतरून पुन्हा चालणं. आणि एक लोकल चुकली की पुढचीची वाट बघत बसा.

२००५ च्या पावसाळ्यात एकदा गाड्या खोळंबल्या आणि मी फाट्यावर पोचले ती पावणेदहाला. मोबाईल नव्हता. अण्णा घोंगडी पांघरून, हातात बॅटरी घेऊन टपरीपाशी उभे. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही, टपरीवाल्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं : पावणेआठपासून. घरापर्यंत एक शब्द नाही. जेवताना आजी म्हणाली, "चेंडूमागं पळून कुणाचं पोट भरलंय व्हय? लोकं काय म्हनत्यात कळतंय का?" आई गप्प. अण्णांनी हात धुतला आणि म्हणाले, "पोरी, खेळ. नको कोन म्हनतंय. पर मला एक सांग, हे किती वर्सं चालनार?"

मला उत्तर देता येईना. खरंच, किती वर्षं? रेल्वे ही तेव्हा देशातल्या बायकांच्या बास्केटबॉलची सगळ्यात मोठी नोकरीदार. केरळच्या गीतू अ‍ॅना जोसचं नाव आम्ही ऐकलेलं. ती दक्षिण रेल्वेत नोकरीला, पुढे ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळली आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या तीन संघांकडे चाचणीही देऊन आली. पण ती सहा फूट दोन इंच. सोमाटण्याच्या पाच फूट तीनला रेल्वे कशाला घेईल? मी म्हटलं, "अण्णा, कॉलेज संपेपर्यंत." ते म्हणाले, "मग दोन वर्सं." आणि दुसऱ्या दिवसापासून सव्वासातनंतर रोज फाट्यावर एम-एटी घेऊन उभे. दोन वर्षं. त्यांनी हिशेब पक्का ठेवला.

रविवारी सराव नसे, तेव्हा मी घोरावडेश्वरच्या पायऱ्या पळत चढायचे. लेण्यांपाशी देवदर्शनाला आलेले लोक म्हणायचे, एवढी काय घाई, देव पळून जातोय का!

तर मुख्य गोष्ट शेवटच्या वर्षाची, २००६ च्या सप्टेंबरातली. त्या वर्षी संघ होत नव्हता. तिघी पास होऊन गेलेल्या, दोघींचं सबमिशन, एकीचं लग्न. उरलो पाच. जिमखान्यातून सांगितलं गेलं : पाचांवर एन्ट्री पाठवणार नाही, आणि पाठवलीच आणि पहिल्या फेरीत हरलात तर पुढच्या वर्षीपासून मुलींची एन्ट्री बंद. प्रवासभत्ता फुकट जातो म्हणे. सात जणींचा एक दिवसाचा भत्ता! आम्ही मग दोघींना पकडून आणलं. दहा नंबर खो-खोची, वाऱ्यासारखी पळणारी. बारा नंबर कबड्डीची. तिला तीन आठवडे एकच गोष्ट शिकवत होतो : समोरचीला धरायचं नाही.

पहिली फेरी, शहरातल्या एका चांगल्या संघाशी. बारा नंबरने तिसऱ्या क्वार्टरमध्येच पाच फाऊल पूर्ण केले. (पाचव्याला तर तिने चक्क पट काढला.) पण तिला घाबरून त्यांची सेंटर आत यायचीच बंद झाली, आणि आम्ही पुढे गेलो. मग सहा नंबरचा पाय मुरगळला. पाच आणि नऊ नंबर लागोपाठ फाऊलवर बाहेर. २ मिनिटं ४० सेकंद बाकी, आम्ही ४०-३१ ने पुढे, आणि कोर्टावर तिघी. चार, सात, दहा.

मला वाटलं मॅच संपली. पंचही टेबलापाशी गेले. तेव्हा सरांनी शांतपणे नियम सांगितला : सुरू करायला पाच लागतात, चालू ठेवायला दोन पुरतात. दोनपेक्षा कमी झाल्या तरच हार.

मग त्यांनी आमच्याकडे वळून जे सांगितलं ते मला आजही एखाद्या सिस्टीमच्या डिझाइनसारखं वाटतं. तिघींनी रिंगखाली त्रिकोण करायचा आणि लांबचे शॉट सोडून द्यायचे. थ्री-पॉइंटची रेघ तेव्हा ६.२५ मीटरवर होती, ओल्या हातांनी तिथून टाकणाऱ्या मुली कमी. आणि त्यांची बास्केट झाली की घाई करायची नाही. शेवटची दोन मिनिटं सोडली तर बास्केटनंतर घड्याळ थांबत नाही. आत टाकायला पाच सेकंद मिळतात, चौथ्या सेकंदाला टाका.

४०-३३. ४०-३५. दोन मिनिटं लागली आणि आता घड्याळही थांबायला लागलं. पाच जणी आमच्या तिघींना अर्ध्या कोर्टाबाहेर येऊ देईनात. आठ सेकंदांत मधली रेघ ओलांडायची असते, दोनदा ओलांडलीच नाही आम्ही. चार नंबरने एक फ्री थ्रो मिळवला आणि टाकला, ४१-३५. मग त्यांच्या एका मुलीने लांबून टाकलाच, ४१-३८. मग रिंगखालून, ४१-४०. अकरा सेकंद.

मी बॉल आत टाकला, चार नंबरने घेतला, तिघी तिच्या अंगावर. बॉल चौघींच्या हातात अडकला. शिट्टी. जंप बॉल.

आता, त्याआधी काही वर्षांपर्यंत असं झालं की दोघींना मध्ये उभं करून बॉल उडवायचे. तसं असतं तर आम्ही गेलोच होतो, त्यांची सेंटर माझ्यापेक्षा वीतभर उंच. पण २००३ पासून बाणाचा नियम आलेला. टेबलवर एक पुठ्ठ्याचा बाण ठेवतात आणि तो ज्या बाजूला असेल तिला बॉल, मग बाण फिरवायचा. सगळ्यांनी टेबलकडे बघितलं. कुणाच्याही लक्षात नव्हतं तो कुठे आहे.

आमच्या बाजूला होता.

तीन सेकंद. मी दहा नंबरकडे फेकला आणि ती खो मिळाल्यासारखी पळत सुटली. ड्रिबल केलं की नाही देव जाणे, पंचांनी शिट्टी वाजवली नाही, आणि भोंगा झाला.

दुसऱ्या दिवशी ५१-१४ ने हरलो. सहा नंबर लंगडत होती आणि बारा नंबरने पुन्हा पाच फाऊल केले, या वेळी दुसऱ्याच क्वार्टरमध्ये. पण पहिली फेरी जिंकलेली होती. जिमखान्याच्या खिडकीला पुढे काही बोलता आलं नाही.

२०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटाच्या फायनलमध्ये भारतीय मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ ने हरवलं. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती, पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ती कॅप्टन होती. त्या फायनलच्या रात्री आमच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस. नऊ नंबर आता शाळेत पीटी शिकवते, तिने लिहिलं, "दोन पॉइंटनी! आपल्यापेक्षा एक जास्त."

अण्णांना मी त्या मॅचबद्दल त्याच रात्री, एम-एटीवर मागे बसून, ओरडून ओरडून सांगितलं होतं. त्यांना स्कोअर वगैरे काही कळलं नाही. टपरीवर मात्र ते नंतर कित्येक दिवस सांगत होते, "दोन पोरी उरल्या तरी खेळ चालू ऱ्हातो, नियमच हाय तसा." पुढच्या जूनमध्ये मी नोकरीला लागले. कॉलेजात मुलींच्या यादीत तेव्हा अकरा नावं होती, आणि कॅप्टन बारा नंबर.