जुन्नर-आंबेगावचे घाट आणि ब्रेकच्या तेलाचा हिशेब

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेले जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके सह्याद्रीला पाठ टेकून बसलेले आहेत. पूर्वेकडे मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही सपाटीवरील बाजारगावे आणि पश्चिमेकडे डोंगर, धरणे व घाट, अशी त्यांची रचना आहे. व्यापार या भूमीला नवा नाही. कल्याणच्या बाजूने येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला पोहोचत असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते, आणि तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही येथील व्यापाऱ्याची ओळख त्याने ठेवलेल्या नोंदीवरून होत होती.

मानमोडी डोंगरावरील अंबा-अंबिका लेणी मूळची बौद्ध आहेत. पुढे तेथे जैन मूर्ती कोरल्या गेल्या. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची शासनदेवी अंबिका, तिचेच नाव या समूहाला मिळाले. म्हणून सुट्टीच्या दिवसांत अनेक कुटुंबे लेणी व शिवनेरी पाहून पुढे घोडेगाव, डिंभे आणि भीमाशंकरच्या अरण्याकडे वळतात. काही जण ओतूर, मढ या मार्गाने माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणकडे जातात. गाडीत आजी-आजोबा, मुले, डबे आणि सामान असते. चढताना इंजिनाची परीक्षा होते. उतरताना मात्र सारा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेकचा प्राण असतो एका लहान डबीतील ओंजळभर तेल.

ज्याला आपण ब्रेक ऑईल म्हणतो, ते इंजिनाच्या तेलासारखे वंगण नव्हे. त्याचे काम पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचविणे हे आहे. बंद नळीतील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, या पास्कलच्या नियमावर ही रचना चालते. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. पायाखालील पट्टी दाबली की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेल पुढे ढकलतो. पुढच्या चाकांत कॅलिपर पॅड आवळतो, आणि अनेक मोटारींच्या मागच्या चाकांत व्हील सिलिंडर ब्रेक शू ड्रमवर टेकवितो. ही नळी कोठे झिरपली, तर तेवढा दाब वाया जातो. आत हवा शिरली, तर पाय स्पंजावर पडल्यासारखा वाटतो, कारण तेल दाबले जात नाही आणि हवा दाबली जाते.

समजा, एक कुटुंब भीमाशंकरहून परतत आहे. तळेघर मागे पडले, पोखरी घाटाची वळणे सुरू झाली आणि डॅशबोर्डवरील लाल दिवा वळणावर लुकलुकू लागला. बहुतेक गाड्यांत हा दिवा हँडब्रेक ओढलेला असताना लागतो आणि तेल कमी झाले तरीही लागतो. हँडब्रेक सुटा असताना तो लागला, तर सूचना तेलाची आहे असे समजावे. वळणावर डबीतील तेल एका बाजूला कलते, म्हणून सुरुवातीला तो केवळ वळणावरच दिसतो. ज्याने तेथेच सुरक्षित जागा पाहून गाडी उभी केली, चाकाला दगड लावला आणि बॉनेट उघडले, त्याने मोठा अनर्थ टाळला. उतारावर पट्टी खोल जाऊ लागली, तर ती भराभर दाबावी, गिअर एकेक खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा. पण इंजिन बंद करू नये. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारे बूस्टरचे साहाय्यही थोड्या वेळात संपते.

येथे एक मोह होतो. मंचरला पोहोचावे, तेलाची बाटली घ्यावी, डबी भरावी आणि पुढे निघावे. खातेवहीत शिल्लक कमी पडली, तर गल्ल्यात पदरचे पैसे टाकून मेळ बसविणाऱ्या कारकुनासारखेच हे झाले. रक्कम जुळते, पण ती कोठे गेली हे कळत नाही. पॅड झिजले की तेलाची पातळी महिन्यांच्या अवधीत थोडी उतरते. ही नैसर्गिक घट होय. परंतु काही दिवसांत मिनच्या खुणेखाली गेलेले तेल निश्चितच कोठे तरी बाहेर पडलेले असते.

शोधाची रीत साधी आहे. सपाट जागेवर, इंजिन बंद ठेवून, पट्टी चार-पाच वेळा दाबावी आणि मग स्थिर दाबून धरावी. ती हळूहळू खाली सरकली, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर आतल्या आत तेल सोडत आहे. मग गाडी जेथे रात्रभर उभी होती, तेथे पुठ्ठा पसरून सकाळी पाहावे. वातानुकूलन यंत्राचे पाणी स्वच्छ असते, कूलंट रंगीत असते, इंजिनाचे तेल तपकिरी-काळे दिसते. ब्रेकचे तेल फिकट पिवळसर, निसरडे असते आणि बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला किंवा चालकाच्या पायापाशी आढळते.

नारायणगाव-मंचरच्या गॅरेजमधील जाणता मिस्त्री प्रथम चाकांची आतली बाजू पाहतो. तेथे ओल असेल, तर ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या टोकावरील रबरी टोपी बोटाने उचलतो. आत तेल साचलेले दिसले की वॉशर झिजले हे सिद्ध होते. त्यानंतर चाकाजवळच्या रबरी होजला पडलेल्या चिरा, तळाच्या लोखंडी नळीवरील गंज, आणि शेवटी मास्टर सिलिंडर व बूस्टर यांचा सांधा तपासला जातो. या सांध्यातून गळलेले तेल बूस्टरमध्ये साठते, जमिनीवर थेंबही दिसत नाही. म्हणून बाहेर ओल नाही, तरी पातळी घटते, अशा गाडीत हा भाग उघडून पाहावा लागतो.

दुरुस्तीत काटकसर महाग पडते. चिरलेला होज चिकटपट्टीने बांधून चालत नाही, तो बदलावाच लागतो. तेलात भिजलेले ब्रेक शू पुसून वापरू नयेत. दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, अन्यथा गाडी एका बाजूला ओढते. बोल्टखालील तांब्याचे वॉशर नवे घालावेत. डबीत इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये, त्याने रबर फुगते आणि सारी यंत्रणाच बिघडते. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. हे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून उघडी ठेवलेली जुनी बाटली पुन्हा वापरू नये. दीर्घ उतारावर तापलेल्या चाकापाशी हेच पाणी वाफ बनते आणि न गळताही ब्रेक दगा देतो.

शेवटी हवा काढावी लागते. एकाने पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने चाकाजवळचे निप्पल क्षणभर उघडून बंद करायचे, आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलायचा. पारदर्शक नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालते. या काळात डबी रिकामी पडू देऊ नये. चाकांचा क्रम उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावा. एबीएस असलेल्या काही गाड्यांना संगणकाची जोड लागते. मग सपाट रस्त्यावर, मंद गतीने चाचणी करावी, आणि मगच घाटाचे नाव घ्यावे. काढलेले तेल नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये, ते बाटलीत भरून गॅरेजमध्येच द्यावे. जमिनीतील सूक्ष्म जीवांची काळजी घेणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागू नये.

जैन आचारात साधूंसाठी ईर्यासमिती सांगितली आहे. चालताना पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, जेणेकरून कोणाचीही हिंसा घडू नये. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे. साधू पायी विहार करतात, गृहस्थ मोटारीने प्रवास करतो, आणि त्याच्या चाकाखाली येऊ शकणारे जीव अधिक असतात: वळणावर चालणारी शाळकरी मुले, रस्ता ओलांडणारी गुरे, आणि गाडीत मागे बसलेले आपले म्हातारे आई-वडील. निघण्याच्या आदल्या सायंकाळी बॉनेट उघडून डबीकडे पाहणे, सकाळी गाडी हलविल्यावर मागे वळून जमिनीकडे पाहणे, यास पाच मिनिटे लागतात. पावसाळ्यात माळशेज धुक्यात बुडतो आणि रस्ता ओला असतो. तेव्हा ज्या गिअरमध्ये घाट चढला जातो, त्याच गिअरमध्ये उतरावा, ब्रेक सतत दाबून ठेवू नये. तूट दिसली की आधी तिचे कारण शोधावे, आणि भरणा त्यानंतर करावा.