एक श्वास, एक नेम!

नोकरीनिमित्त सॅन डिएगोला आलो आणि वीकेण्डला स्पिअरफिशिंगचं खूळ लागलं. आमच्या ग्रुपचा फंडा साधा: पाठीवर सिलिंडर नाही. श्वास रोखून बुडी मारायची आणि ताणलेल्या रबराच्या जोरावर सुटणाऱ्या भाल्याने मासा टिपायचा. मग प्रश्न आला गनचा. दुकानात सागवानी स्पिअरगन दिसली आणि आपण खलास! आजोळच्या झोपाळ्याची झळाळी हो! पण बॉस, नुसत्या रूपावर भाळून चालत नाही.

लाकडाची खरी गंमत वजनात. दोन-तीन रबरं लावली की गन मागे झटका देते. जड लाकूड तो पचवतं, नेम ढळत नाही. सागात अंगचंच तेल, त्यामुळे तो पाण्याला दाद देत नाही. पट्ट्या चिकटवून केलेली गन अखंड लाकडापेक्षा कमी वाकते. अॅल्युमिनियमची मात्र हलकी, पाण्यात झटकन वळणारी आणि खिशालाही सोसणारी.

लांबी ठरवतं ते पाणी. इथल्या केल्पच्या, म्हणजे उंचच उंच समुद्री शेवाळाच्या जंगलात लांबचं दिसतच नाही. तिथे दीड मीटरची गन मिरवून काय करणार? मी १०० सेंटिमीटरची, दोन रबरांची सागवानी घेतली. नेम हुकला की मासा जखमी होऊन निसटतो, हकनाक मरतो. ते नको.

म्हणून ओळख पटल्याशिवाय भाला सोडायचा नाही. नारिंगी गॅरिबाल्डी तर १९९५ पासून कॅलिफोर्नियाचा राज्य-सागरी मासा. तो फक्त बघायचा. आणि हो, जोडीदाराशिवाय बुडी नाही. स्टाइल मारायला किनारा आहेच की!