नेव्हावरचा बर्फ चालू लागतो तेव्हा

वसंत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? आंब्याचा मोहोर, पेटलेला पळस, पहाटे कोकिळेची हाक. माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं. म्हणून २०१२ च्या फेब्रुवारीत एका सत्रासाठी रशियन शिकायला सेंट पीटर्सबर्गला निघाले, तेव्हा मनाशी म्हटलं, महिनाभर थंडी सोसू, पुढे आहेच वसंत!

पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियनचे धडे गिरवताना अगदी सुरुवातीलाच 'वेस्ना' हा शब्द भेटला होता. वेस्ना म्हणजे वसंत; दोन्हींचं मूळ एकच. दाराला 'द्वेर' आणि विधवेला 'व्दोवा' म्हणणारी भाषा परकी कशी वाटावी? आईला मात्र वाटत होती. बी.ए. झालेल्या मुलीचं लग्न बघायचं सोडून तिला बर्फात पाठवायचं, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं. तरी निघताना तिनंच मेतकुटाची पुडी, मोहरी, हिंग आणि दोन स्वेटर माझ्या बॅगेत कोंबले.

वासिल्येव्स्की बेटावर एका आजींच्या घरी मला खोली मिळाली. पाचवा मजला, लिफ्ट नाही. आजी सत्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. पहिल्या दिवशी मी मोठ्या प्रेमानं त्यांना 'बाबुश्का' म्हटलं, तर त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की माझी वाचाच बसली. तिथं वडीलधाऱ्या माणसाला नावानं आणि त्यापुढे वडिलांच्या नावानं हाक मारायची रीत आहे. आपल्याकडे कागदोपत्री असतं ना, तसंच. पण ते रोजच्या बोलण्यात. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मनातल्या मनात मात्र मी त्यांना आजीच म्हणत राहिले.

मार्च उजाडला आणि माझी पहिली फजिती झाली. वसंत कुठला! रस्त्यावर काळपट चिखल-बर्फाचा रबडा, बुटांवर मिठाचे पांढरे ओघळ. छपरांच्या कडांना हातहात लांब बर्फाच्या सुळ्या लोंबत होत्या. त्या डोक्यात पडून माणूस दगावू शकतो, म्हणून फुटपाथ जागोजागी फिती लावून बंद केलेले. ८ मार्चला महिला दिनाची सुट्टी. त्या वर्षी नेमकी आपल्याकडे त्याच दिवशी धुळवड होती. घरच्या आठवणीनं रडकुंडीला येऊन बाहेर पडले, तर मेट्रोच्या दाराशी पुरुषांची ही गर्दी, आणि जो तो पिवळ्या फुलांची डहाळी घेऊन चाललेला. जवळ जाऊन बघते तर काय, थेट आपल्या बाभळीसारखे पिवळे गोंडे! 'मिमोजा' म्हणतात त्याला. बाभळीच्याच जवळचं झाड, दक्षिणेकडून येतं. बाभळीची फुलं माणसं पैसे मोजून बायकांना देतात, हे बघून मला हसू आलं आणि रडू पळालं. पण गंमत एवढीच नाही बरं का. १९१७ साली याच शहरात, याच दिवशी, कापड गिरण्यांतल्या बायका पाव मागत रस्त्यावर उतरल्या आणि तिथून झारची सत्ता कोसळायला सुरुवात झाली. हे आमच्या शिक्षिकेनं सांगितलं, तेही फुलं हुंगत हुंगत.

वर्गात आमचं चाललं होतं गतिवाचक क्रियापदांचं प्रकरण. रशियन शिकणाऱ्याचा खरा कस इथे लागतो. पायी जाणं वेगळं, वाहनानं जाणं वेगळं. एकदा एका दिशेनं जाणं वेगळं आणि नेहमी जाणं-येणं वेगळं! त्यातही रशियनमध्ये पाऊस पडत नाही, तो 'इद्योत', म्हणजे चालतो. बर्फही चालतो. आपलंही घड्याळ चालतं म्हणा, पण पावसाचं काही मला पटेना. मी आता आठवड्यातून तीन दिवस एका क्लासमध्ये रशियन शिकवते. माझी मुलंही इथेच अडतात आणि विचारतात, "मॅडम, पाऊस कुठे चालला?" मला ते कळलं एप्रिलमध्ये, पुलावर उभी असताना.

त्याआधी खिडक्यांची गोष्ट सांगते. जुन्या घरांतून थंडीपूर्वी खिडक्यांच्या फटी कापसानं बुजवतात आणि वरून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. पाच-सहा महिने खिडकी बंद. हवेसाठी वरच्या कोपऱ्यातली एक छोटी झडप तेवढी उघडायची. एप्रिलच्या एका रविवारी आजींनी पदर खोचावा तशा बाह्या सारल्या आणि मला हाक मारली. कोमट पाण्यानं पट्ट्या भिजवायच्या, सुरीच्या पाठीनं खरवडायच्या, कापूस उपसायचा. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, आणि शेवटी वर्तमानपत्राचा बोळा करून कोरडी पुसायची. काच अशी लखलखते म्हणता! खिडकी सताड उघडली आणि खालच्या चौकातून ओल्या मातीचा वास वर आला. अहो, दोन महिन्यांत मी मातीचा वास घेतला नव्हता. आजी म्हणाल्या, "आता वेस्ना." कॅलेंडरवर ती १ मार्चलाच सुरू झालेली असते, पण आजींची पट्ट्या निघाल्यावर.

नेव्हा नदी उणीपुरी ७४ किलोमीटर लांब. लादोगा सरोवरातून निघते आणि शहरातून जाऊन फिनलंडच्या आखाताला मिळते. आधी तिचा स्वतःचा बर्फ फुटतो. मग दिवस जरा उबदार होतात न होतात तोच वरून लादोगाचा बर्फ येतो आणि पुन्हा हुडहुडी भरते. या बर्फ वाहण्याला 'ल्येदोखोद' म्हणतात, बर्फाची चाल. आजी म्हणाल्या, "चल, बघायला जाऊ." पाच जिने उतरून, काठी टेकत, त्या माझ्याबरोबर पुलावर आल्या. खालून पांढरे तुकडे चालले होते, कुणी खोलीएवढा, कुणी ताटाएवढा, एकमेकांना घासत, करकरत. वारी चालते तसे! पाण्याबरोबर वाहत जाणं निराळं, हे चालणंच होतं. मी अगदी हरखून गेले. क्रियापद सुटलं म्हणून आजींना सांगायला वळले, तर त्या कठड्याला धरून नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "यावरून पाव यायचा." मला वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं. चुकलं नव्हतं, पण ते कळायला मे उजाडला.

मे महिना मात्र मनासारखा गेला. बाजारात 'कोर्युश्का' आली. मांदेलीसारखी चंदेरी, बोटभर मासळी, आखाताकडून नेव्हात अंडी घालायला येते आणि, खोटं वाटेल, तिला ताज्या काकडीचा वास येतो! पीठ लावून तेलात कुरकुरीत तळायची, काट्यासकट खायची. आजींनी आणि मी मिळून एका बैठकीत किलोभर संपवली. मार्सच्या मैदानावर लायलॅकचे जांभळे घोस फुलले. दिवस तर एवढा लांबला की रात्री अकराला सूर्य मावळायचा आणि त्यानंतरही अंधार म्हणून पडायचा नाही. आम्ही मुली नदीकाठी पुस्तक वाचत बसायचो, दिव्याशिवाय. झोपच येत नसे, आणि यावी असंही वाटत नसे.

अशाच एका दिवशी घरामागच्या पडक्या भिंतीशी मला चाकवत दिसला. पानांवर तीच पिठूळ पांढरी लव. मला कोण आनंद! कोवळे शेंडे ओंजळभर खुडले. ताकाऐवजी केफिर होतं, हरभऱ्याच्या डाळीऐवजी वाटाण्याची. आईची मोहरी, हिंग, लसूण घालून चुरचुरीत फोडणी दिली आणि आजींना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून ताट वाढूनच हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं, चमच्यानं पान उलटलं. "लेबेदा," एवढंच म्हणाल्या आणि उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

माझे हातपाय गळाले. काय चुकलं ते कळेना. बऱ्याच वेळानं त्या बोलू लागल्या, माझ्यासाठी सावकाश, सोपे शब्द घेऊन. ८ सप्टेंबर १९४१ ला जर्मन सैन्यानं या शहराला वेढा घातला, तो २७ जानेवारी १९४४ ला उठला. ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात लहान मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. लादोगा गोठलं की त्याच्यावरून ट्रक धान्य आणत. पुलावरचं वाक्य ते. आजी तेव्हा सहा-सात वर्षांच्या. वडील आघाडीवर गेले ते गेलेच, धाकटा भाऊ जानेवारीत गेला. मग वसंत आला. पण बर्फ वितळला की त्याखालचं सगळं उघडं पडणार, घाण आणि न पुरलेली माणसंसुद्धा, आणि रोगराई उसळणार. म्हणून २७ मार्च ते १५ एप्रिल १९४२ या दिवसांत तीन लाखांवर लोकांनी शहर साफ केलं. पुरुष आघाडीवर, तेव्हा त्यांत बहुतेक बायकाच, चालताना भिंतीला धरणाऱ्या. आजींची आई त्यांतली एक. १५ एप्रिलला ट्राम पुन्हा सुरू झाली. तिची घंटा ऐकून आई रस्त्यातच बसून रडली, हे आजींना लख्ख आठवत होतं. आणि मग जमिनीतून हिरवं वर आलं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी कोणतं रानगवत खाता येतं याच्या पुस्तिका काढल्या, सेंट आयझॅक चौकात कोबी लावला. आजींच्या घरात रोज लेबेदा शिजे, मीठ असलं तर मीठ घालून.

मी पातेलं उचललं आणि मोरीकडे निघाले. त्यांनी माझं मनगट धरलं. त्या घरात पावाचा चुरासुद्धा तळहातावर गोळा करून तोंडात टाकला जाई. अन्न टाकायचं नाही. आम्ही दोघी पुन्हा बसलो. पहिला घास त्यांनी फार वेळ तोंडात ठेवला. दुसरा घेतला. तिसऱ्याला म्हणाल्या, "पोरी, आमच्याकडे तेल नव्हतं." आणि पातेलं जवळजवळ रिकामं झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळी लसूण जास्त घाल."

पुढची वेळ काही आली नाही. जूनमध्ये माझं सत्र संपलं. नव्या वर्षाची कार्डं मात्र येत राहिली, तिरप्या अक्षरात. २०१७ च्या मेमध्ये त्यांच्या नातीचं पत्र आलं. आजी एप्रिलमध्ये गेल्या, खिडक्या धुऊन झाल्यावर.