नऊ अक्षरे आणि एक मागणे

नवरात्रात ज्या घरांत सप्तशतीचे पाठ होतात, तिथल्या मुलांच्या कानांवर नवार्ण मंत्र अर्थाच्या कितीतरी आधी पडतो. घट बसलेला असतो, पत्रावळीवरच्या काळ्या मातीत गहू उगवू लागलेले असतात आणि पाठाच्या आधी व नंतर माळेवर ‘ऐं ह्रीं क्लीं चामुण्डायै विच्चे’ चाललेले असते. चामुंडा हे नाव त्यातल्या त्यात ओळखीचे. सप्तशतीच्या सातव्या अध्यायात चंड आणि मुंड यांची शिरे काली घेऊन येते, तेव्हा देवी तिला ते नाव देते. बाकीची अक्षरे मात्र मूल नादावरच उचलते. पुढे शाळा-कॉलेजच्या वयात तेच मूल विचारते, याचा अर्थ काय? घरात सहसा मिळणारे उत्तर असे : ऐं म्हणजे सरस्वती, ह्रीं म्हणजे लक्ष्मी, क्लीं म्हणजे काली. हे उत्तर चुकीचे नाही. पण एका अक्षराला एक देवी चिकटवल्याने अर्थ कळला असे होत नाही. माझे म्हणणे असे, की या मंत्राचा अर्थ नऊ अक्षरांत शोधायचाच नसतो. जपाला बसणारा माणूस काय मागायला बसला आहे, तिथे तो शोधायचा असतो.

अक्षरांत अर्थ शोधणाऱ्यांची निराशा परंपरेनेच करून ठेवली आहे. देव्यथर्वशीर्षात हा मंत्र दिला आहे, पण सरळ नाही, कूट करून. आधी वाणी, माया आणि काम यांची बीजे खुणेने सांगितली आहेत. मग ‘क’पासून सहावे व्यंजन घ्यायचे, म्हणजे ‘च’. त्याला मुखाची खूण असलेला ‘आ’ लावला की ‘चा’. सूर्य म्हणजे ‘म’, उजवा कान म्हणजे ‘उ’, वर बिंदू, की झाला ‘मुं’. ट-वर्गातले तिसरे अक्षर आणि नारायण मिळून ‘डा’, वायू आणि ओठ मिळून ‘यै’. कोडे सोडवण्याची गंमत इथे पुरेपूर आहे. पण सुटल्यावर हाती काय येते? पुन्हा तीच नऊ अक्षरे. टीकाकारांनी ‘विच्चे’ फोडून त्यातून ज्ञानापर्यंत आणि मोक्षापर्यंतचे अर्थ काढले आहेत. ते वाचताना बुद्धीचे कौतुक वाटते, खात्री वाटत नाही. मंत्रांना अर्थच नसतो, असे म्हणणारा कौत्स यास्काच्या निरुक्तात भेटतो. आणि आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे, असे यास्क त्याला सुनावतो. केरळातल्या पांजाळ इथे 1975 साली झालेल्या अग्निचयनाचा बारकाईने अभ्यास करणारे फ्रिट्स स्टाल यांनीही पुढे कौत्साचीच बाजू घेतली : विधीला नियम असतात, अर्थ नसतो. वाद वेदमंत्रांचा असला तरी बीजमंत्रांना तो जास्तच लागू पडतो. मला यात यास्काचे उत्तर अपुरे वाटते आणि स्टाल यांचे घाईचे. नियमांतच एक नियम असा आहे, की हेतू बोलून दाखवल्याशिवाय जपाला सुरुवात करता येत नाही.

हा नियम म्हणजे संकल्प आणि विनियोग. पळीभर पाणी हातात घ्यायचे. आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, कोणते संवत्सर, कोणती तिथी, आपले नाव-गोत्र काय आणि हे सगळे कशासाठी, ते म्हणायचे. मग मंत्राचे ऋषी, छंद, देवता, बीज, शक्ती आणि कीलक सांगून पाणी ताम्हनात सोडायचे. मंत्र त्यानंतर येतो. ज्याला काय हवे ते सांगता येत नाही, त्याला या रचनेत मंत्रापर्यंत पोचताच येत नाही. सप्तशतीची चौकटकथाही हेच सांगते. मंत्र्यांनी लुबाडलेला राजा सुरथ आणि बायको-मुलांनी धनासाठी हाकललेला समाधी नावाचा वैश्य मेधा ऋषींच्या आश्रमात भेटतात. दोघे एकाच नदीकाठी मातीची मूर्ती करतात, तीन वर्षे एकच उपासना करतात, देवीही दोघांना एकच प्रसन्न होते. सुरथ राज्य मागतो, त्याला राज्य मिळते, वर पुढच्या जन्मी मनूचे पद. समाधीला घरदार परत नको असते. तो ‘मी-माझे’ सुटेल असे ज्ञान मागतो, त्याला ते मिळते. उपासनेत तसूभर फरक नाही, फरक आहे तो मागण्यात. सुरथाला क्षुद्र मागितले म्हणून कोणी हिणवत नाही, हे मला त्या कथेचे मोठेपण वाटते.

यावर पहिला आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो मी नाकारू शकत नाही. संकल्प गुरुजी संस्कृतात भराभर म्हणतात. क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य अशी यादी एका दमात होते आणि यजमान ‘मम’ म्हणायला सांगितले की म्हणतो. त्याचे लक्ष निम्म्याहून अधिक वेळा स्वयंपाकघराकडे असते. खरे आहे. पण मग दोष आहे तो न ऐकण्याचा. संकल्प मराठीत, स्वतःच्या तोंडाने केला तर कोणता धर्म बुडणार आहे?

दुसरा आक्षेप शास्त्राचा चष्मा लावून येतो : जपाने श्वास संथ होतो, मन निवते, एवढेच. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ या दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असे दिसले होते. मी हे आनंदाने मान्य करतो. पण मेरीच्या प्रार्थनेने आणि बौद्ध मंत्राने जे सारखेच घडते, ते चामुंडेच्या मंत्राचे वेगळेपण कसे सांगणार? श्वासाचा फायदा ही वरकड मिळकत आहे.

तिसरी भीती उच्चाराची. एखादा स्वर चुकला तर मंत्र उलटतो, असे सांगून अनेकांना, विशेषतः बायकांना, या पोथीपासून लांब ठेवले गेले. त्यासाठी वृत्राची कथा पुढे करतात. तो प्रसंग वैदिक स्वरांचा आहे. सप्तशतीच्या पाठाला तर शेवटी क्षमाप्रार्थना जोडलेली असते आणि तिच्यात गळलेल्या अक्षर-मात्रांची माफी आधीच मागून ठेवलेली असते. चुका होणारच, हे ज्यांनी विधी रचला त्यांनी गृहीत धरले होते. गुरूकडून दीक्षा घ्यावी, या आग्रहाला मात्र मी मान देतो, कारण काय मागतो आहेस, हे तोंडावर विचारणारे कोणीतरी लागते. तुळजापूरच्या आराध्यांना आणि गोंधळ्यांना नवार्णाची गरज पडली नाही. परडी हातात घेऊन ‘उदो उदो’ म्हणत जोगवा मागताना मागणे इतके उघड असते, की वेगळा विनियोग कशाला हवा?

माणसाच्या आयुष्यात अक्षरे तीच राहतात, मागणे बदलत जाते. परीक्षेच्या वयात ऐं वर भर असतो, संसारात ह्रीं वर. पन्नाशीनंतर पुष्कळजण मुलांसाठी मागतात. उतारवयात कित्येकांना सप्तशतीचे श्लोक आठवेनासे होतात आणि नवार्ण तेवढा राहतो; तेव्हा मागणे सुरथाचे उरते की समाधीचे, ते ज्याचे त्याला ठाऊक. ‘हा मंत्र 108 वेळा ऐका, सात दिवसांत पैसा येईल’ असे सांगणारे मोबाइलवरचे व्हिडिओ मला खटकतात ते याच कारणाने. तिथे मागणे आधीच ठरवून ठेवलेले असते, तेही दुसऱ्याने. शिवाय त्यांत शेवटची पायरी नसते. माळ पुरी झाली की हातात पाणी घेऊन केलेला जप देवीच्या डाव्या हाती सोपवायचा असतो, किती झाला तो आकडा स्वतःकडे ठेवायचा नसतो.