बिनतंगडीची कोंबडी

घरात आम्ही दखनी बोलतो. आमच्या बोलण्यात 'मैं' फारसा येत नाही, 'हम' येते. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की लेखणीतून 'आम्ही'च उतरते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. लेखाचा विषयही काही मोठा नाही. उत्तम चिकन सँडविच कशाला म्हणावे, एवढाच प्रश्न आहे. परंतु आमच्या घरात कोंबडी कशी वाटली जात असे, हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमचे माहेर सोलापूरचे. अब्बा यंत्रमागावर टॉवेल विणत. दादी, अब्बा, अम्मी, दोन भाऊ आणि आम्ही तिघी बहिणी, अशी आठ माणसे. रविवारी किलोभर कोंबडी येई आणि तिचे पातळ सालन होई. आता अल्लाहने कोंबडीला तंगड्या दोनच दिल्या आहेत. त्यातली एक अब्बांची, कारण ते कमावते. दुसरी दोन भावांमध्ये आलटून पालटून. कलेजी दादीला, कारण तिला दात नव्हते. आम्हा बहिणींच्या वाट्याला सीन्याचे कोरडे तुकडे आणि पंख. अम्मी सगळ्यांचे झाल्यावर बसे. तिच्या रकाबीत गर्दन, पाठीची हाडे आणि उरलेला शोरबा. आम्ही विचारले तर म्हणे, "मेरेकू गर्दनच अच्छी लगती गे."

आम्ही कित्येक वर्षे ते खरे मानले. दुकानात कोंबडी कापून घेताना "गर्दन टाकू नका, आमच्या अम्मीला आवडते," असेही सांगत असू. घरात कोणी दुष्ट नव्हते. अब्बा तर इतके सालस की सालनात मीठ कमी पडले तरी बोलत नसत. पण पातेल्यात तुकडे असले की कोणता तुकडा कोणाचा, हे ठरलेलेच असते. ते ठरवताना कोणाला विचारावे लागत नाही. जावई आला की भावांचीही तंगडी जाई आणि त्यांनाही ते रास्तच वाटे.

पाव आमच्या घरात होता, पण तो चहाबरोबर. हा शब्द पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला आणि मोहल्ल्यातल्या भट्ट्यांनी तो आपलासा केला. सँडविचचे नाव इंग्रजांकडचे. जॉन माँटेग्यू नावाचा सँडविचचा चौथा अर्ल होता, त्याच्यावरून ते पडले. इतिहासकार गिबनच्या रोजनिशीत 1762 साली तो शब्द सापडतो. आमच्या दस्तरखानापर्यंत पोहोचायला त्याला पुढे अडीचशे वर्षे लागली.

आम्ही 2012-13 साली बी.एड. केले. तेव्हा तो अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. शेवटचा सराव पाठ संपला त्या दिवशी वर्गातल्या एका मैत्रिणीने घरून मोठा डबा आणला. आत पांढऱ्या पावाचे त्रिकोण रचलेले होते. डबा फिरला आणि ज्याच्या हाताला जो आला तो त्याने उचलला. कोणी डब्यात वाकून पाहिले नाही, कोणी चमच्याने तळ ढवळला नाही, कोणाला आग्रह करून चांगला तुकडा वाढावा लागला नाही. आम्ही दुसरा त्रिकोण खात होतो तेव्हा मनात आले, या कोंबडीची तंगडी कोणाला मिळाली असेल? उत्तर असे होते की ती सगळ्यांना मिळाली होती.

तेव्हापासून आम्ही घरी सँडविच करू लागलो. करता करता ध्यानात आले की कोंबडी नुसती कुसकरून पावात भरली म्हणजे काम झाले असे नाही. सगळ्यांना सारखे मिळायचे तर मांस आधी सारखे व्हावे लागते.

पहिली अडचण सीन्याची. ब्रॉयलर कोंबडी उडत नाही, पायांवर उभी राहते आणि चालते. पायांच्या स्नायूंना सतत काम, म्हणून त्यांत मायोग्लोबिन जास्त, चरबी जास्त, आणि शिजल्यावर विरघळून मऊ होणारे जोडऊतकही जास्त. तंगडी काळसर आणि रसाळ असते ती यामुळे. सीन्यात चरबी फार थोडी. खळाखळा उकळले की त्याचे तंतू आकसतात आणि आतले पाणी बाहेर टाकतात. आमच्या वाट्याला येणारा तुकडा घशात अडकायचा त्याचे कारण हे. दोष सीन्याचा कमी आणि आचेचा जास्त.

म्हणून हाडांसकट कोंबडी गार पाण्यात घालावी. आले, लसूण, तमालपत्र, चार मिरे आणि दोन चहाचे चमचे मीठ टाकावे. एक उकळी आली की आच मंद करावी, पाणी नुसते हलत राहील इतकी. सीन्याचे तुकडे आधी काढावेत, तंगड्यांना आणखी दहा मिनिटे द्यावीत. मांसाच्या आत 74 अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की कोंबडी खाण्यास निर्धोक होते. त्यापुढे ती शिजवत राहिली तर सीना कोरडा होत जातो. हात लावण्याइतके निवले की मांस हाडावरून सोडवावे आणि बोटांनीच तोडावे. मिक्सरमध्ये घातले तर लगदा होतो. अख्खे लांब तंतू ठेवले तर घास तुटत नाही, एका चाव्यात सगळे सारण बाहेर ओढले जाते आणि उरलेला पाव रिकामा राहतो. बोटाच्या पेराएवढे धागे बरे. सीना, तंगडी, पंख, पाठ आणि गर्दनीवरचेही मांस, सगळे एकाच परातीत मिसळावे. वर तीन चमचे त्याचाच गाळलेला शोरबा घालावा. सीना तो पिऊन घेतो. मग कोणता धागा कुठला, हे करणाऱ्यालाही ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट बांधणीची. बाजारात मेयोनेज मिळते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पण अंड्याच्या पिवळ्या बलकातले लेसिथिन त्यांना धरून ठेवते, एवढेच त्याचे रहस्य. मात्र कच्च्या अंड्याचे मेयोनेज उष्णतेत धोक्याचे. 2024 साली तेलंगणाने आणि 2025 साली तमिळनाडूने त्यावर एकेका वर्षाची बंदी घातली होती. आम्ही अर्धा किलो दही रात्रभर टांगून त्याचा चक्का घेतो, त्यात दोन चमचे लोणी आणि जाडसर कुटलेले मिरे. रोजात चाखून बघणे टाळतो म्हणून मीठ मोजून घालतो, अर्धा चहाचा चमचा.

तिसरी गोष्ट पावाची. अगदी ताजा ब्रेड सुरीखाली दबतो, आदल्या दिवशीचा नीट कापला जातो. स्लाइसला कडेपर्यंत लोणी लावलेच पाहिजे. ते चवीसाठी आहेच, पण खरे काम भिंतीचे. सारणाचे पाणी ते पावात उतरू देत नाही. काकडी घालायची तर चकत्यांना मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवून पिळून घ्यावी. आणि आमच्या सोलापूरची शेंगाचटणी! भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट आणि जिरे उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेले. लोण्यावर तिचा पातळ थर दिला की चिकनला एकदम आपले गाव भेटते. पावाच्या कडा आम्ही कापून टाकत नाही. टाकण्याइतकी ऐपत नव्हती तेव्हाची ती सवय आहे, आणि कडेमुळे सँडविच हातात धरायला बरे पडते.

शेवटी वेळ. शिजवलेले चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. सोलापूरचा उन्हाळा चाळीस ओलांडतो, तेव्हा इथे हिशेब तासाचाच. दुपारी इफ्तारची तयारी करून ओट्यावर झाकून ठेवणे हे आपल्याकडे सर्रास चालते, ते या पदार्थाला चालत नाही. सारण फ्रिजमध्ये ठेवावे, मगरिबच्या अर्धा तास आधी भरावे आणि घट्ट पिळलेले ओले मलमल वर टाकावे, म्हणजे पाव वाळत नाही.

एवढी मेहनत कशासाठी? वाढल्याबरोबर खाणाऱ्याला कसेही केलेले सँडविच चांगलेच लागते. पण आपल्या घरांत सगळे एकदम बसत नाहीत. पुरुष मशिदीतून येतात, मुले मध्येच उठतात, आणि जिने केले ती सरबत दे, पाणी दे करत सर्वांत शेवटी खाते. तिच्या हातातला त्रिकोण भिजून लिबलिबीत झाला असेल किंवा वाळून कागद झाला असेल, तर पहिल्याने केलेली तारीफ काय कामाची? आमच्या मते उत्तम चिकन सँडविच ते, जे शेवटी खाणाराला पहिल्याने खाणारासारखेच लागते.

2014 चा रमजान जुलैत होता. थोरल्या बहिणीचे नुकतेच लग्न झालेले. जावई इफ्तारला येणार म्हटल्यावर दादी बेचैन झाली. "दामाद के सामने तंगडी नै? लोगां क्या बोलेंगे?" आम्ही ऐकले नाही. कोंबडी किलोभरच होती. चोवीस स्लाइसची बारा सँडविचेस झाली आणि आडवी कापून चोवीस त्रिकोण. थोरली सासरी गेल्यामुळे घरात सात माणसे होती आणि आठवे जावई. ती त्या दिवशी सासूकडेच राहिली होती. प्रत्येकी तीन. जावयांनी तीन संपवले आणि रकाबीकडे पाहून म्हणाले, "और नहीं है क्या?" दादीचा जीव भांड्यात पडला. दात नसलेल्या दादीने तर पहिल्यांदाच आयुष्यात कोंबडीचा सीना खाल्ला.

अम्मीचे तीन त्रिकोण आम्ही वेगळे झाकून ठेवले होते. सगळे उठल्यावर ती बसली. मलमल काढले, एक खाल्ला. मग दुसरा उचलला, उलटून पाहिला, आणि तो आमच्या धाकट्या भावासाठी बाजूला ठेवून दिला. आम्ही म्हटले, "अम्मी, तुम्हारेकू अच्छा नै लगा क्या?" ती म्हणाली, "भौत अच्छा लगा गे. इस्केवास्तेच तो रखी."

सँडविचने वाटप सारखे केले होते. अम्मीची सवय मात्र ते बदलू शकले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये आणि 25 टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे पुष्कळ आहेत आणि सगळा दोष तंगडीवर टाकणे शहाणपणाचे नाही. परंतु सकाळच्या हजेरीला डोके धरून बाकावर बसलेल्या मुली आम्ही रोज पाहतो, तेव्हा त्यांच्या घरी पातेले कोणाच्या हाती असते आणि शेवटी कोण बसते, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

आम्ही सहावीला गणित शिकवतो. अपूर्णांकाला उर्दूत 'कसर' म्हणतात. मराठीत कसर म्हणजे तूट, उणीव. मूळ अरबी शब्द एकच, त्याचा अर्थ मोडणे. आमच्या वर्गात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसतात. कसर शिकवताना आम्ही फळ्यावर चौकोन काढतो, तिरपी रेघ मारून त्याचे दोन मुसल्लस करतो, म्हणजे त्रिकोण, आणि उदाहरण घालतो. चोवीस त्रिकोण आहेत. तुमच्या घरी माणसे किती ते लिहा आणि प्रत्येकाला किती मिळतील ते काढा.

गेल्या वर्षी एका मुलीने सात माणसे लिहिली आणि बाकी तीन उरवली. तिच्या घरी आठ माणसे आहेत हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही म्हटले, पुन्हा मोज. तिने बोटांवर मोजले आणि विचारले, "टीचर, अम्मीकू बी गिनना क्या? उनो तो बाद में खाते."

आम्ही म्हटले, गिनना. तिने सातचे आठ केले. चोवीस भागिले आठ, प्रत्येकी तीन, बाकी काही नाही. मग आजूबाजूच्या चार-पाच वह्यांमध्येही खोडरबर फिरू लागले.