पुलमन मागे राहिलं

4 ऑगस्ट 2023. शुक्रवार होता. जुम्याची नमाज आटोपून गाडीकडे चाललो होतो, तेवढ्यात फोन थरथरू लागला. एकामागून एक मेसेज, सगळे पुलमनच्या जुन्या मित्रांचे. आपल्यातलं कुणीतरी वारलं असावं, असंच मला आधी वाटलं.

बातमी खेळाची होती. सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि युजीनचं ओरेगन विद्यापीठ पॅक-12 सोडून बिग टेनमध्ये चालले होते. रात्रीपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनीही बिग 12 मध्ये जात असल्याचं सांगून टाकलं. एकशे आठ वर्षांचं घर एका दिवसात रिकामं झालं.

हे नीट समजावं म्हणून थोडं सांगतो. अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. विद्यापीठाच्या फुटबॉलच्या सामन्याला साठ-सत्तर हजार माणसं येतात आणि टीव्हीवाले त्यासाठी अब्जावधी डॉलर मोजतात. ही विद्यापीठं गट करून खेळतात. त्या गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. पूर्वी कॉन्फरन्स म्हणजे शेजारपाजार असायचा. बसने जाऊन खेळून यावं, एवढ्या अंतरातली विद्यापीठं एकत्र यायची. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गटाची सुरुवात 1915 साली चार विद्यापीठांनी केली. त्यांत ओरेगन स्टेट पहिल्या दिवसापासून होतं. वॉशिंग्टन स्टेट 1917 मध्ये आलं. पुढे वाढत वाढत ते पॅक-12 झालं. शेवटच्या टीव्ही करारात बाराही जणांचा वाटा सारखा होता.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट. वॉशिंग्टन राज्यात दोन मोठी सरकारी विद्यापीठं आहेत. एक सिएटल या महानगरातलं वॉशिंग्टन विद्यापीठ. दुसरं राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, गव्हाच्या टेकड्यांमधल्या पुलमन या छोट्या गावातलं वॉशिंग्टन स्टेट. दोन्हींमध्ये साडेचारशे किलोमीटरचं अंतर आहे. मी दुसऱ्याचा.

2005 मध्ये मी माती-शास्त्रात पीएच.डी. करायला पुलमनला आलो. मिरजेच्या बाजूच्या काळ्या रानात वाढलेल्या मुलाला तिथल्या गव्हाच्या टेकड्या पाहून घर आठवलं, एवढंच त्या गावाचं पहिलं आकर्षण. जुम्याला आम्ही पन्नास-साठ जण असायचो. मलेशिया, इजिप्त, सौदी, पाकिस्तान, आणि मराठी बोलणारा मी एकटा. शुक्रवारी नमाजेनंतर बोलणं निघायचं ते शनिवारच्या सामन्याचं. फुटबॉलचे नियम मला एका इजिप्शियन मित्राने मशिदीच्या पायऱ्यांवर बसून शिकवले. गावाची लोकवस्ती तीस हजारांच्या आसपास, आणि स्टेडियमही साधारण तेवढ्याच माणसांचं. सामन्याच्या दिवशी अख्खं गाव तिथे मावेल, असा तो हिशेब. माझी मुलगी 2006 मध्ये त्याच गावातल्या दवाखान्यात जन्मली.

2008 चा नोव्हेंबर मला चांगला आठवतो. दरवर्षी ही दोन विद्यापीठं एकमेकांशी 'ॲपल कप' खेळतात. त्या वर्षी दोन्ही संघ इतके वाईट होते की वर्तमानपत्रं टिंगल करत होती. आम्ही एकच सामना जिंकला होता आणि सिएटलवाल्यांनी एकही नाही. आम्ही दुसऱ्या जादा डावात 16-13 असे जिंकलो. सिएटलचा संघ त्या मोसमात बाराच्या बारा सामने हरला. ही आकडेवारी मी मुद्दाम देतो आहे. बाराही सामने हरलेल्या त्या विद्यापीठाला कॉन्फरन्समधून काढा, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. एखाद्या वर्षी हरलं म्हणून घर सोडावं लागत नाही.

मग 2023 मध्ये काय बदललं? हरणं-जिंकणं तर मुळीच नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाने पॅक-12 ची स्पर्धा जिंकली होती. ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ तीनदा राष्ट्रीय विजेता ठरलेला आहे. बदललं ते एवढंच की हिशेब टीव्हीचा झाला. कोणत्या शहरात किती घरं, किती डोळे, ते मोजलं जाऊ लागलं. 2022 च्या जूनअखेर लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी बिग टेनची वाट धरली. बिग टेनच्या टीव्ही कराराची रक्कम सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरच्या वर होती. पॅक-12 वर्षभर नवा करार शोधत राहिलं. शेवटी हाती आला तो ॲपलचा प्रस्ताव. त्यात किती पैसे मिळणार हे किती लोक वर्गणी भरतात त्यावर अवलंबून. ते पाहून एकेक जण उठला. सप्टेंबरच्या 1 तारखेला स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेले. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिकच्या नावाने खेळायचं! खोलीत उरले दोघे: पुलमन आणि कॉर्व्हॅलिस. एक गव्हाच्या रानातलं, दुसरं ओरेगनच्या खोऱ्यातलं. दोन्ही शेतीच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली, दोन्ही लहान गावांत. त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त बाजार नव्हता.

मला राग आला आणि तो बरेच दिवस गेला नाही. राग लॉस एंजेलिसवाल्यांचा नव्हता, ते लांबचे. राग सिएटलवाल्यांचा होता. एकाच राज्यातले, एकाच विधिमंडळाकडून पैसे घेणारे. आपल्याकडे शेजाऱ्याच्या हक्काबद्दल लहानपणापासून इतकं ऐकवतात की शेजाऱ्याने पाठ फिरवली की ते जास्त लागतं. त्या आठवड्यात गावाकडे भावाला फोन केला तेव्हा मी हेच बडबडत होतो. "सोडून गेले रे, शंभर वर्षांचे शेजारी, पैशासाठी सोडून गेले!" त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाई, आपल्या घरातनं वॉशिंग्टनला कोण गेलं होतं?"

तो हसला, मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही. अब्बांनंतर रान आणि अम्मी त्यानेच सांभाळली. मी पुलमनला शिकायला गेलो. आणि 2011 मध्ये पुलमनही सोडून सिएटलजवळ नोकरीला आलो, कारण इथे पगार जास्त होता. मीही बाजार पाहूनच गेलो होतो.

बरेच दिवस विचार करून माझं मत असं झालं. जाणं हा गुन्हा नाही. रोजीसाठी माणूस बाहेर पडतो, आपल्या कितीतरी घरांचं पोट त्यावर चालतं. प्रश्न नंतरचा आहे. मागे राहिलेल्यांचं तुमच्याकडे काही देणं उरतं की नाही? मी दर महिन्याला घरी पैसे पाठवतो आणि ईदला जमेल तसं जातो, तेव्हा ते उपकार नसतात. तो भावाचा हक्क असतो, कारण तो थांबला म्हणून मी जाऊ शकलो. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात हे कुणालातरी सुचलं. लॉस एंजेलिसचं यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठाच्या दोन शाखा आहेत. त्यांच्या नियामक मंडळाने 2024 मध्ये ठरवलं की मोठ्या घरी गेलेल्या यूसीएलएने बर्कलीला वर्षाला 1 कोटी डॉलर द्यायचे. लोकांनी त्याची पोटगी म्हणून चेष्टा केली. मला त्यात चेष्टेसारखं काही दिसलं नाही. सिएटल आणि पुलमनमध्ये असं काही ठरलं नाही. ॲपल कप मात्र 2028 पर्यंत चालू ठेवायचा करार झाला. नातं अगदीच तुटलं नाही, एवढं समाधान.

उरलेल्या दोघांनी रडत न बसता कोर्ट गाठलं. निघून गेलेल्या दहा जणांनाच कॉन्फरन्सच्या पैशांबद्दल मत देऊ द्यायचं का, असा प्रश्न होता. पुलमनपासून जवळच्या कोलफॅक्सच्या कोर्टाने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये कारभार या दोघांच्या हाती दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पुढे तडजोड झाली आणि जाणाऱ्या दहा जणांनी मिळून साडेसहा कोटी डॉलर सोडले. त्या दिवशी आमच्या घरी बिर्याणी झाली.

पण दोन संघांची कॉन्फरन्स खेळणार कुणाशी? तेव्हा माउंटन वेस्ट ही शेजारची, कमी श्रीमंत कॉन्फरन्स मदतीला आली. 2024 च्या मोसमात तिच्या संघांनी या दोघांशी प्रत्येकी सहा सामने खेळायचे, त्याबद्दल या दोघांनी सुमारे 1.4 कोटी डॉलर द्यायचे, असं ठरलं. आमचे संघ पळवलेत तर दंड भरावा लागेल, अशी अटही करारात होती. बेघर झालेल्याला ओसरी दिली, पण भांडीकुंडी मोजून ठेवली, तसं.

आणि 12 सप्टेंबर 2024 ला आमच्या दोघांनी त्याच ओसरीतले चार जण उचलले: बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट. थोड्याच दिवसांत युटा स्टेटही. वर दंडाची अटच बेकायदा आहे म्हणून माउंटन वेस्टवर दावा लावला. पुलमनच्या ग्रुपवर मुबारकबाद सुरू झाली. मीही एक फटाक्यांचं चित्र टाकलं. ग्रुपवर आमचा एक जुना मित्र आहे, पुलमनमध्ये शिकलेला, सध्या न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवणारा. त्याने फक्त एवढंच लिहिलं, "आमचं काय?" न्यू मेक्सिको, वायोमिंग, नेवाडा, सॅन होजे स्टेट, ही सगळी मागे राहिलेल्यांत होती. कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही.

दोनच दिवसांनी, शनिवारी, सिएटलमध्ये ॲपल कप होता. पुलमनला जन्मलेली माझी मुलगी त्याच महिन्यात सिएटलच्या विद्यापीठात दाखल होत होती. ती जांभळ्या जर्सीत, मी लाल टोपीत, एकाच गाडीतून गेलो. शेवटच्या दोन मिनिटांत सिएटलचा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर होता. आमच्या पोरांनी त्यांना तिथेच अडवलं. 24-19. मी इतका ओरडलो की घसा बसला. परतताना मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्ही जिंकलात, खूश व्हा. पण गुरुवारी तुम्ही जे केलंत ना, तेच आम्ही केलं होतं."

मी म्हणालो, आम्हाला जगायचं होतं. ती म्हणाली, "सगळे तेच म्हणतात."

तिचं बरोबर होतं, आणि तरी पूर्ण बरोबर नव्हतं. उपाशी माणसाने आणि भरल्या पोटाच्या माणसाने घेतलेला घास एकाच मापाने मोजता येत नाही. पण उपाशी होतो म्हणून ज्याच्या ताटातून घेतला त्याचा हक्क संपतो, असंही नाही. हुकूकुल-इबाद म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. त्यांचा हिशेब श्रीमंतांपुरता लागू असतो, असं आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आणखी एक गोष्ट विसरू नये. 2021 मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमाने बिग 12 सोडायचं ठरवलं, तेव्हा तिथे उरलेले आठ जण असेच हवालदिल होते. त्या ऑगस्टमध्ये पॅक-12 ने जाहीर केलं की आम्ही कुणाला नव्याने घेणार नाही. तेव्हा आम्ही आत बसलेलो होतो. दार बंद झालं याची आम्हाला खंत वाटली नाही. दोनच वर्षांनी त्याच बिग 12 ने आमच्यातले चार जण नेले.

2026 च्या जुलैपासूनचं नवं पॅक-12 उभं राहिलं आहे, गोंझागा आणि टेक्सस स्टेटलाही धरून. पण पुलमनची झीज भरून आलेली नाही. 2025 च्या जूनमध्ये विद्यापीठाने मैदानी खेळांतल्या उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले. टीव्हीवर न दिसणाऱ्या त्या पोरांचं नाव कोणत्याच बातमीत ठळक नव्हतं. मागे राहणाऱ्यांच्या रांगेत शेवटी तेच असतात.

एक गोष्ट मात्र चालू आहे. ईएसपीएनचा शनिवार सकाळचा फुटबॉलचा कार्यक्रम दर आठवड्याला वेगळ्या गावातून होतो. 2003 पासून प्रत्येक वेळी तिथल्या गर्दीत आमच्या विद्यापीठाचा लाल झेंडा फडकतो. जुने विद्यार्थी तो एकमेकांकडे पाठवतात. ज्या गावात कार्यक्रम असेल तिथे राहणारा कुणीतरी पहाटे उठून तो घेऊन उभा राहतो. सामना कुणाचाही असो.

मी न्यू मेक्सिकोच्या त्या मित्राला शेवटी फोन केला. दीड वर्ष उशिरा. माफी मागण्यासारखं माझ्या हातात काय होतं? विद्यापीठं माझ्या सल्ल्याने चालत नाहीत. तरी म्हणालो, तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो, ते बरोबर नव्हतं. तो म्हणाला, "कधी आमच्याकडे कार्यक्रम झाला तर झेंडा मी धरीन. आमचा संघ जिंको की हरो." मग त्याने अम्मीची तब्येत विचारली, आणि आम्ही बराच वेळ पुलमनबद्दल बोलत राहिलो.